रांगोळीची उघडी बाजू

उषा, माधव,

तुम्हां दोघांना एकत्रच लिहिते आहे, कारण सांगायची गोष्ट एकच आहे आणि ती दोनदा लिहायचं बळ आता हातात उरलेलं नाही. उषा, तुझं पत्र पौषाच्या अखेरीस विलायतेहून आलं. परीक्षा झाली, डॉक्टर झालीस, आणि आता लढाई चाललेल्या कुठल्याशा परक्या मुलखात औषधोपचार करायला जाणाऱ्या एका संस्थेबरोबर जायचं तुझ्या मनात आहे. ‘आजी, जाऊ ना?’ असं तू विचारलं होतंस. त्याखाली माधवनं आपल्या किरट्या अक्षरात एक ओळ घुसवली होती, ‘आजी, तिला विचार, तिला तिथं बोलावलंय कुणी?’ तो तुझी चेष्टा करत होता, हे मला कळलं. तरी मी चष्मा काढून ठेवला आणि कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसले. हाच प्रश्न, जवळजवळ ह्याच शब्दांत, मी नवी सून असताना एका बाईच्या तोंडून ऐकला होता. चेष्टेत नव्हे. आणि तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसणार, तोच त्या आठवड्यात बाळकृष्ण सकाळच्या गाडीनं कल्याणहून आमच्या ठाण्याच्या घरी आला. ओटीवर उभा राहिला, आत येईना. म्हणाला, “काकू, आत्या गेली.”

त्याची आत्या म्हणजे दुर्गाताई. तुमची दुर्गाआजी. लहानपणी सुट्टीत कल्याणला गेलात की तुमच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवणारी, पांढऱ्या लुगड्यातली उंच बाई, एवढीच ती तुम्हाला आठवत असेल. तिच्याविषयी मी कुणाला काही लिहिलेलं नाही. आता लिहिते, ते उषाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं तर इतरही वाचतील, त्यालाही माझी हरकत नाही.

दिवाळीनंतर मी तिला भेटून आले होते, ती शेवटची भेट. माजघरातल्या खाटेवर ती पडून होती, डोळे मिटलेले. पण उजव्या हाताचं बोट गोधडीवर चालत होतं… ठिपका, ठिपका, मग एक रेघ, पुन्हा ठिपका. मी म्हटलं, “दुर्गाताई, मी रमा.” डोळे न उघडताच ती म्हणाली, “रमे, बाजू उघडी ठेवलीय ना गं?” मी म्हटलं, “हो.” मग बोट थांबलं आणि ती झोपली. ह्या दोन वाक्यांचा अर्थ तुम्हाला लागायचा नाही. तो लागावा म्हणून थोडं मागं जाते.

मी लग्न होऊन कल्याणला पारनाक्याजवळच्या आळीत आले तेव्हा तेरा वर्षांची होते. माझं सासर आणि दुर्गाताईचं माहेर एकमेकांना लागून. तिचा नवरा लग्नानंतर वर्षभरात वारला होता आणि ती भावाकडे परत आली होती. भाऊ केशवराव, भावजय जानकी, आणि पुढं त्यांना झालेला बाळकृष्ण, एवढंच घर. नव्या सुनेकडं पहाटेचा सडा आणि रांगोळी हे काम यायचंच. माझ्या रेघा नागमोडी जायच्या. सासूबाई म्हणायच्या, “ही रांगोळी आहे का गांडूळ मेलंय?” मग दुर्गाताईनं मला शिकवलं. भाताचं तूस जाळायचं, पांढरी झालेली राख वस्त्रगाळ करायची, चिमूट कशी धरायची, ठिपके आधी मनात कसे मोजायचे. ती स्वतः मात्र दारात रांगोळी काढत नसे. विधवेनं काढू नये म्हणत. परसातल्या तुळशीपाशी, कुणी बघत नाही तिथं, ती काढायची, आणि तिच्या हातून रेघ अशी उतरायची की जणू ती जमिनीत आधीपासूनच होती आणि हिनं नुसती वरची धूळ झटकली.

मग प्लेगचं साल आलं. त्या दिवसांची मला सलग आठवण नाही. आठवतं ते पाण्याखालून पाहिल्यासारखं… कडुनिंबाचा धूर, फिनेलचा वास, खाडीवरून चढत येणारं धुकं आणि त्या धुक्यात गावाबाहेर गांधारीच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या पांढऱ्या राहुट्या. पहाटे पाहिलं तर वाटायचं, रात्रीतून बगळे उतरलेत आणि आता उडून जातील. पण ते उडाले नाहीत. समुद्रापलीकडून आलेली एक दवाखाना मंडळी तिथं उतरली होती. औषध फुकट, मलमपट्टी फुकट. त्यांची मुख्य एक गोरी डॉक्टरीणबाई. तिच्या झग्यावर छातीशी मंडळीचा पितळी बिल्ला असे आणि तो उन्हात लांबून चमकायचा.

आमच्या घरी जेवताना ह्या मंडळीवरून रोज वाद होई. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मामलेदार कचेरीत कारकून होते. ते म्हणत, “सातासमुद्रापलीकडून आलेत, कवडी घेत नाहीत. एवढे उपकार आपल्यातला कोण करतो?”

सासूबाई भात वाढता वाढता म्हणत, “तेच तर वाईट. वाण्याला निदान नको म्हणता येतं. उपकार करणाऱ्याला नको कसं म्हणायचं?”

डॉक्टरीणबाई मराठी शिकून आली होती, पण कुठल्या शास्त्र्याकडून शिकली होती देव जाणे. पहिल्यांदा आमच्या घरी आली ती सासूबाईंना म्हणाली, “माते, आपली जिव्हा दाखवावी.” सासूबाई उठून आत गेल्या आणि स्वयंपाकघरात पदराचा बोळा तोंडात धरून हसल्या. बाहेर येऊन गंभीरपणानं जीभ दाखवली.

दुर्गाताई तिच्याकडं गेली ती जानकीसाठी. बाळकृष्ण नुकता झाला होता आणि जानकीचा पान्हा साकळून थानाला गळू झालं होतं. तापानं ती नुसती जळत होती. डॉक्टरीणबाईनं गळू कापलं, रोज घरी येऊन धुतलं, आणि जानकी बरी झाली. दुर्गाताई नारळ आणि खडीसाखर घेऊन राहुटीवर गेली. मीही बरोबर होते. डॉक्टरीणबाई हात मागं घेऊन म्हणाली, “नाही. आमच्या मंडळीचा नियम आहे. आम्ही काही घेत नाही.”

दुर्गाताईचा चेहरा उतरला. “घेत नाही म्हणजे? आम्ही काय भिक्षा मागायला आलो होतो?” नारळ तिनं तिथंच टेबलावर ठेवला आणि चालू लागली. वाटेत मला म्हणाली, “बाई गुणाची आहे गं. पण हिला घेता येत नाही. ज्याला घेता येत नाही त्याच्यापाशी आपण नेहमी खालीच बसायचं.” तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, कारण बायका डॉक्टरीणबाईशी बोलायला लाजत आणि मध्ये कुणीतरी लागे. हळूहळू ती रोज जाऊ लागली. पट्ट्या उकळणं, घराघरांतून बाईबरोबर फिरणं, हिचं तिला आणि तिचं हिला समजावणं. आळीत बोलणं व्हायचंच. समोरच्या गोदाकाकू हाक मारून विचारायच्या, “दुर्गे, आमच्या घरचं पाणी चालतं ना अजून तुला, का आता त्या बाईच्या बाटलीतलंच?” दुर्गाताई म्हणायची, “तुमचंच चालतं काकू, पण ते उकळून द्या.”

त्या दोघींची मैत्री झाली होती, असं मी आज म्हणते. तेव्हा तो शब्द आमच्याकडं नव्हता. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्या आळीतून जाताना मला दिसतात… एक पांढरा झगा, एक पांढरं लुगडं. डॉक्टरीणबाईला रांगोळ्यांचं भारी वेड लागलं होतं. प्रत्येक दारापुढं थांबायची, वाकून बघायची. मला तिनं इंग्रजी अक्षरं शिकवली तीही रांगोळीचे ठिपके घालून. माझ्या पुढच्या सगळ्या शिक्षणाची सुरुवात आमच्या अंगणातल्या त्या राखेत आहे. एकदा तांबटआळीत ती एका घरासमोर थबकली. “काल इथं कमळ होतं. आज जमीन मोकळी. का?”

“त्यांच्याकडं सुतक आहे,” दुर्गाताई म्हणाली. “घरात माणूस गेलं की दार कोरं ठेवायचं. मग न विचारता गावाला कळतं. येणारा आपोआप हळू बोलतो.”

डॉक्टरीणबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “किती सुंदर,” ती म्हणाली.

पुढं काय झालं ते मामंजींनी कचेरीतून येऊन सांगितलं. डॉक्टरीणबाई ठाण्याला एका साहेबाच्या बंगल्यावर जेवायला गेली होती. तिथं गप्पांत तिनं ही चाल सगळ्यांना कौतुकानं सांगितली. तिच्या मनात काही नव्हतं, ह्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण त्याच टेबलाशी तपासणीचे अधिकारी बसले होते. प्लेगचे रोगी लोक लपवून ठेवतात, घरं शोधता शोधता शिपाई थकतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांना एका वाक्यात वाट सापडली. दुसऱ्याच सोमवारी तपासणीची तुकडी गावात शिरली आणि एकाही दारावर थाप न मारता थेट कोऱ्या दारापाशी गेली.

ते तांबटाचं घर. त्याचे वडील म्हातारपणानं गेले होते, प्लेगनं नव्हे. ऐकतो कोण? कौलं काढली, अंथरुणं जाळली, सगळं घर उचलून करंटीनात, म्हणजे संशयितांना डांबायच्या छावणीत, नेलं. दहाव्याचा पिंड करंटीनाच्या कुंपणाशी ठेवावा लागला आणि कावळा शिवला की नाही हे बघायला पुढं जाऊ दिलं नाही. त्या दिवशी गावातली सगळी कोरी दारं फोडली गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना उमगलं की रांगोळीचं गुपित बाहेर गेलंय, आणि ते कुणाकडून गेलं असेल हेही. पाणवठ्यावर दुर्गाताई आली की बायका कळशी अर्धी भरलेली घेऊन निघून जायच्या.

ती राहुटीवर गेली तेव्हा मी मागोमाग गेले. डॉक्टरीणबाई पट्ट्या गुंडाळत होती. दुर्गाताई बसली नाही.

“मी तुम्हाला आमच्या दुःखाची खूण सांगितली. तुम्ही ती शिपायांना दिलीत.”

डॉक्टरीणबाई पांढरी पडली. तिला सगळं कळलेलं होतं. “मी दिली नाही, दुर्गा. मी बोलले. मला वाटलं नव्हतं…” मग ती सावरून म्हणाली, “पण ऐक. रोगी लपवले तर गाव मरेल. आणि सरकारला आम्ही रोग्यांची नावं कळवली नाहीत तर मंडळीचा परवाना जाईल. मग इथं कुणीच उरणार नाही. हे बरं होईल?”

“तुम्हाला इथं बोलावलं कुणी होतं?”

राहुटीचं कापड वाऱ्यानं फुगत होतं, बसत होतं.

“कुणी नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “माणसं मरत होती, म्हणून आलो. बोलावण्याची वाट बघायला हवी होती?”

ह्यावर दुर्गाताईला उत्तर सुचलं नाही. उषा, हे मी मुद्दाम लिहिते. तिला उत्तर सुचलं नाही. ती एवढंच म्हणाली, “न बोलावता आलात, ते एक वेळ चालेल. पण घरात शिरलेल्यानं घरातलं बाहेर न्यायचं की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं असतं.” आणि ती निघाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सडा घालायला बाहेर आले आणि माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. दुर्गाताई आळीच्या तोंडाशी वाकून रांगोळी काढत होती. सुतक असलेल्या घरांपुढं, एकामागून एक, प्रत्येक दारात. सुतकातल्या माणसांनी काढायची नसते. बाहेरच्यानं काढू नये असं कुणी म्हटलेलं नव्हतं, कारण तसं कधी कुणी केलंच नव्हतं. धुकं गुडघ्यापर्यंत होतं. तिचा हात त्यात शिरायचा आणि बाहेर यायचा, आणि मागं जमिनीवर फुलं उमटत जायची. गोदाकाकू दारात येऊन ओरडल्या, “सुतकात रांगोळी! आणि तीही तुझ्या हातची! गावाचं आणखी काय व्हायचं राहिलंय?”

“नको असेल तर पुसून टाका काकू. पण तपासणीवाले आले तर मला हाका मारू नका.”

गोदाकाकूंनी पुसली नाही. चार दिवसांत गावभर पसरलं. प्रत्येक दारापुढं रांगोळी, मरणाच्या दारापुढं तर जरा जास्तच सुबक. तपासणीवाले आले, गोंधळले, परत गेले. पाणवठ्यावर बायका पुन्हा दुर्गाताईशी बोलू लागल्या. कल्याण इतकं सुंदर मी आधी कधी पाहिलं नव्हतं. स्वप्नातल्यासारखं सगळं गाव पांढऱ्या वेलबुट्टीनं भरलेलं, आणि आत कुठं काय चाललंय हे कुणालाच दिसत नव्हतं.

हीच त्याची दुसरी बाजू. आळीच्या मागं फुलमाळ्याचं घर होतं. त्याच्या दारात दुर्गाताईची रांगोळी होती. आत त्याची बायको गाठीच्या तापानं पडली होती आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. ती गेली. मग त्याची आई गेली, मग तो. कळलं तेव्हा दारातलं फूल तसंच टवटवीत होतं. दुर्गाताई दिवसभर तुळशीपाशी बसून राहिली. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाली, “रमे, मी शिपायांना आत येऊ दिलं नाही. पण औषधालाही येऊ दिलं नाही गं.”

आणि मग जानकीला ताप भरला. काखेत गाठ आली.

आता तुम्ही विचार करा. बाळकृष्ण अंगावर पिणारा. डॉक्टरीणबाईला बोलवावं तर तिला नाव कळवणं भाग. मग शिपाई येणार, जानकीला डोलीत घालून नेणार, आणि करंटीनात ती परक्या माणसांत मरणार. न बोलवावं तर फुलमाळ्याचं जे झालं ते होणार. केशवराव ओटीवर डोकं धरून बसले होते. “दुर्गे, तू म्हणशील तसं,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तांबटाचं घर आणि फुलमाळ्याचं घर, दोन्ही दुर्गाताईच्या छातीवर होती, आणि आता तिच्या भावाचं.

उजाडताना ती बाहेर आली. मी माझ्या दारात होते. तिनं रांगोळीची चौकट काढायला घेतली, तीन बाजू नीट पुऱ्या केल्या आणि रस्त्याकडच्या चौथ्या बाजूशी तिचा हात थांबला. चिमटीतली राख तिनं परत डब्यात टाकली.

“ताई, ही बाजू राहिली,” मी म्हटलं.

“राहू दे.”

डॉक्टरीणबाई त्या दिवसांतही रोज सकाळी आळीतून फिरायची. एकही दार तिला उघडत नव्हतं, तरी फिरायची. तिनं ती रांगोळी पाहिली आणि ती उभी राहिली. खूप वेळ बघत राहिली. आधी ती सरळ आत येत असे, जोडे वाजवत, कारण मंडळीला तसा अधिकार होता. त्या दिवशी ती रांगोळीच्या अलीकडंच थांबली आणि म्हणाली, “दुर्गा, आत येऊ?”

दुर्गाताई म्हणाली, “आत जे दिसेल ते आतच राहील?”

“हे मी एकटीनं ठरवायचं नाही. मंडळीचा नियम आहे.”

“मग मंडळीला बाहेर ठेवा आणि तुम्ही या.”

डॉक्टरीणबाईनं छातीवरचा पितळी बिल्ला काढला. ओटीच्या कडेला, पाण्याच्या लोट्याशेजारी ठेवला. जोडे काढले. पाहुणी धुते तसे पाय धुतले. आणि रांगोळीच्या उघड्या बाजूनं, एकही रेघ न पुसता, आत गेली.

जानकी वाचली नाही. त्या रोगावर तेव्हा औषध नव्हतंच आणि डॉक्टरीणबाईनं ते पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं. “ही वाचेल असं मी म्हणत नाही. पण बाळ वाचू शकेल. आळी वाचू शकेल. कसं ते मी सांगते, करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.” बाळकृष्णाला आमच्या घरी आणलं. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि चमच्यानं गाईचं दूध पाजलं. मग दुर्गाताई दारोदार गेली. ज्या घरांनी शिपायांना शिव्या घातल्या होत्या त्यांना तिनं सांगितलं, घरं रिकामी करा, माळावर जाऊ, आपली भांडी, आपली चूल, आपली माणसं. आणि ती घरं तयार झाली! आमची सगळी आळी बैलगाड्यांतून खडवलीकडच्या माळावर गेली. नदीकाठी माडाच्या झापांच्या झोपड्या घातल्या. संध्याकाळी सगळ्या चुलींचा धूर एकत्र होऊन पाण्यावर उतरायचा आणि पलीकडचा काठ दिसेनासा व्हायचा. प्रत्येक झोपडीपुढं रांगोळी. ज्या झोपडीला डॉक्टरीणबाई हवी ती एक बाजू उघडी ठेवी. नको ती पुरी करी. बाई पुऱ्या चौकटीपाशी कधी थांबली नाही आणि उघड्या चौकटीपाशी विचारल्यावाचून आत गेली नाही.

जानकी त्याआधीच आपल्या घरी, केशवरावांच्या हातात हात ठेवून गेली.

मंडळीच्या वरिष्ठांना हे कळलंच. डॉक्टरीणबाईला ठाण्याला बोलावून घेतलं आणि मग मायदेशी परत पाठवलं. जायच्या आधी ती माळावर आली. दुर्गाताईनं तिच्यापुढं नारळ धरला. बाईनं क्षणभर पाहिलं आणि दोन्ही हात पुढं केले. ओंजळीत नारळ घेऊन ती म्हणाली, “नियम मोडला ते बरोबर होतं की नियमच बरोबर होता, मला अजून कळत नाही.”

“मलाही नाही,” दुर्गाताई म्हणाली. “फुलमाळ्याची माणसं माझ्याच रांगोळीमागं गेली.”

पुन्हा त्या कधी भेटल्या नाहीत.

प्लेग पुढच्या वर्षी परत आला, त्याच्या पुढच्या वर्षीही. मंडळीनं दुसरे डॉक्टर पाठवले. काही विचारून आत येत, काही जोडे वाजवत. विचारणाऱ्यांबरोबर दुर्गाताई फिरली, न विचारणाऱ्यांबरोबर नाही. पण न विचारणाऱ्यांनीही माणसं वाचवली, हे ती कधी नाकारत नसे. बाळकृष्णाला तिनं वाढवलं, शिकवलं, त्याची मुलं मांडीवर खेळवली. दर वर्षी फुलमाळ्याच्या पडक्या जोत्यापाशी ती एक दिवा ठेवून यायची. मी एकदा म्हटलं, “ताई, आता पुरे. तुझा काय दोष?” ती म्हणाली, “दोष म्हणून नाही गं. आठवण राहावी म्हणून. दार बंद करणं सोपं असतं.”

उषा, जा की जाऊ नको, हे मी तुला सांगणार नाही. तू जाशीलच, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि बोलावण्याची वाट बघत बसण्याइतका वेळ मरणाऱ्या माणसाकडं नसतो हेही खरं. तुझ्या संस्थेचा बिल्ला तुझ्या कोटावर असेल. तो कधी काढून ठेवायचा, हे संस्था तुला शिकवणार नाही. आणि तिथली माणसं तुला नारळासारखं काही देऊ लागली तर घे. मागं हात घेऊ नको.

दहाव्या दिवशी मी कल्याणला गेले. टांग्यातून आळीच्या तोंडाशी उतरले. सुतकाचं घर, दार कोरं असणार, असं मनाशी धरूनच चालत होते. जवळ गेले तर बाळकृष्णाच्या दारापुढं रांगोळी होती. समोरच्या घरातली, गोदाकाकूंची नातसून पदर खोचून हात झटकत उभी होती. मी विचारलं, “तू काढलीस?”

“हो आजी. सुतकातल्या घरापुढं शेजारणीनं काढायची ना. आमच्या आळीत तशीच रीत आहे.”

“आणि ही बाजू राहिली ती?”

ती हसली. “राहिली कुठं? ती उघडीच ठेवायची असते. लक्ष्मीला आत यायला.”

मी चपला काढल्या आणि त्या उघड्या बाजूनं आत गेले. त्या आळीत आजही प्रत्येक दारापुढच्या रांगोळीची रस्त्याकडची बाजू उघडी असते.